गजभिये सर आणि सातवं कडं

गजभिये सरांना ‘पोलर बेअर’ हे नाव मी ठेवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याच्या मानाने हा गुन्हा अगदीच किरकोळ आहे. पाच फुटांची उंची, काटकुळा देह, नागपूरजवळच्या कुहीकडच्या उन्हाने रापलेला काळा रंग. अशा माणसाला पांढऱ्या अस्वलाचं नाव ठेवण्यात एकोणिसाव्या वर्षी मला फार मोठा विनोद वाटला होता. आठवड्याभरात ते नाव कॉलेजभर झालं. सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, “नाव चांगलं आहे गा. पण मंग त्या दुसऱ्यानं काय पाप केलं?”

दुसरा म्हणजे पैसा. पावसाळ्यात ओट्यावरून, भिंतीच्या कडेने शेकडो पाय हलवत संथपणे चालणारा, काडी लावली की गुंडाळी करून गोल पडून राहणारा तो पैसा किडा. पांढरं अस्वल आणि पैसा ही जोडी सरांनीच लावून दिलेली होती.

नागपूरच्या आमच्या कॉलेजात सर प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. दुसऱ्या कॉलेजांत पहिल्या प्रॅक्टिकलला बेडूक असे, आमच्याकडे तक्ता. जर्नलच्या पहिल्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे पांढरं अस्वल, उजवीकडे पैसा. राहण्याची जागा, खाणं, पाय, पिल्लं, शत्रू असं एकेक लिहीत खाली यायचं. शेवटची ओळ अशी असे: ‘हा नाहीसा झाला तर कोणाला कळेल?’ डावीकडे आम्ही सगळ्यांनी ‘साऱ्या जगाला’ असं लिहिलं. उजवी बाजू बहुतेकांनी कोरी ठेवली. मी तिथे लिहिलं, ‘गजभिये सरांना.’ शेजारच्या पोट्ट्यांना दाखवून हसवूनही घेतलं. सरांनी जर्नल तपासताना ती ओळ दोनदा वाचली आणि दहापैकी दहा दिले.

त्याच दिवशी त्यांनी बर्फ आणला होता. सायकलच्या कॅरियरवर पोत्यात गुंडाळलेली, भुसा लावलेली बर्फाची लादी. जुलैचा उकाडा होता, सरांच्या पाठीवर शर्ट चिकटलेला आणि सायकलच्या मागे पाण्याची रेघ लागलेली. “अर्धं अस्वल तं वाटेतच वितळलं,” असं म्हणत त्यांनी लादी टेबलावर ठेवली आणि एकेकाला त्यावर तळवा ठेवायला लावला. पाव मिनिटात आम्ही हात ओढून घेत होतो.

“काहून, काय झालं? याच्यावर त्या अस्वलीले लेकरू जन्माले घालायचं आहे. बर्फातच खड्डा करते ते माय. पिल्लू केवढं, तं घुशीएवढं. महिनोन्महिने खात नाही, पेत नाही, पिल्लाईले धरून बसते.” मग त्यांनी काचेच्या बरणीतून पैशाने बांधलेली मातीची हरभऱ्याएवढी गोळी चिमटीत काढली आणि सुईने तिचं टोक उघडलं. आत मोहरीहून बारीक अंडी होती. “हे बी माय आहे गा. हिनं बी घर केलं. पिल्लू निघते तेव्हा त्याले पायाच्या तीनच जोड्या राहतात. मंग कात टाकते, अंगाचं एकेक कडं वाढते, पाय वाढतात. सगळे पाय घेऊन कोणी जन्माले येत नाही.”

हे शेवटचं वाक्य ते वर्षातून दहा वेळा म्हणत. कुणी नापास झालं की, कुणाचा हात सूक्ष्मदर्शकाखाली थरथरला की. मी एम.एस्सी. होऊन त्याच कॉलेजात लेक्चरर म्हणून लागलो आणि पहिल्या तासाला मी पहिलंच वाक्य विसरलो, तेव्हा दाराशी उभं राहून त्यांनी मलाही हेच ऐकवलं. त्या दिवसापासून मुलांसमोर ते मला ‘सर’ म्हणू लागले. एकटे असलो की ‘गा’. मी त्यांच्या वरच्या जागेवर गेलो होतो आणि त्यांची एम.एस्सी. अर्धवटच राहिलेली होती, पण याचं त्यांना काही वाटलेलं मला कधी दिसलं नाही. मला मात्र ते ‘सर’ ऐकायला आवडत असे.

प्राध्यापकांच्या खोलीत डेमॉन्स्ट्रेटर बसत नसत. तसा काही नियम नव्हता, पण खुर्चीही नव्हती. सरांच्या घरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली होती आणि त्या खोलीतले एकदोघे त्यांच्याविषयी बोलताना आवाज एका खास तऱ्हेने खाली आणत. मी आणत नसे. पण त्यांना कधी टोकलंही नाही, आणि ते हसले की मीही थोडंसं हसत असे.

सरांच्या बुशशर्टला दोन खिसे असत. एकात काळ्या दोऱ्याला बांधलेलं भिंग, दुसऱ्यात पेन्सिल आणि इंजेक्शनची धुतलेली रिकामी बाटली. चालताना नजर कायम जमिनीवर. यावरून मुलं चिडवत, तर म्हणायचे, “वर पाहून चालणाऱ्याले ठेच लागते, अन् खाली पाहून चालणाऱ्याले बढती लागत नाही. आपापली निवड आहे.”

त्यांच्या गावाजवळ, कुहीच्या वाटेवर, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधोमध एक टेकडी होती. टेकडी कसली, मुरमाचा उंचवटाच तो. वर मोहाची आणि सागाची पंधरावीस झाडं. त्यांच्या पाचोळ्याखाली सरांना एक पैसा सापडला होता. काळा कुळकुळीत, आणि प्रत्येक कड्याच्या कडेला हळदीच्या बोटासारखी पिवळी रेघ. आसपासच्या सगळ्या गावांत, नाल्याकाठांत, रामटेकच्या बाजूलासुद्धा त्यांनी बारा पावसाळे शोधलं, पण हा त्या टेकडीखेरीज कुठे दिसला नाही. कुठल्या पुस्तकातही नव्हता. सर त्याला नुसतं ‘आपला’ म्हणत.

आम्हा विद्यार्थ्यांची सहल त्यांनी तिथे नेली होती. एस.टी.तून उतरल्यापासून एकच घोषा, “खाली पाहून चाला गा, खाली पाहून.” टेकडीवर आम्हाला पालथं झोपवून पाचोळा एकेक पान करून उचलायला लावला. मला एक सापडला तेव्हा त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. पायांची लाट तळव्यावरून सरकत गेली आणि मला गुदगुल्या झाल्या. सर भिंग लावून म्हणाले, “नर आहे. हे सातवं कडं पाहा. इथचे पाय चालाचे नाहीत, ते वेगळेच आहेत. जात कोणती हे याचा चेहरा सांगत नाही, हे सातवं कडं सांगते.” जाताना त्यांनी तो पुन्हा त्याच पानाखाली ठेवला, पान होतं तसं झाकलं.

एकदा तपासणीला कुणी मोठे अधिकारी आले होते. भिंतीवरचा अस्वल-पैशाचा तक्ता पाहून त्यांनी विचारलं, “या किड्याचा उपयोग काय?” प्रिन्सिपॉलांचा चेहरा पडला. सर शांतपणे म्हणाले, “पाचोळ्याची माती करते साहेब. पण अस्वलाचा उपयोग काय, हे तुम्ही नाही विचारलं.” साहेब हसले म्हणून निभावलं.

अस्वलाचा त्यांना हेवा होता असं मात्र कुणी समजू नये. पांढरं अस्वल वाचवायला पाच देशांनी मिळून करार केल्याची बातमी पेपरात आली, त्या दिवशी ते कात्रण हातात धरून धावतच माझ्याकडे आले. सगळ्या लॅबला त्यांनी स्वतः आणलेल्या फुटाण्याच्या पुड्या वाटल्या. “पाच देश बसले गा एका टेबलापाशी! एकमेकाचं तोंड न पाहणारे देश!” मग म्हणाले, “चला, अस्वलाचं काम झालं. आता आपल्याचं करायचं.”

‘आपल्याचं काम’ म्हणजे नाव. “नावच नसलं तं करार कोणाचा करतील? कागदावर लिहाले नाव तं पाहिजे.” त्यासाठी नमुने एखाद्या जाणकाराने तपासायला हवे होते. त्याच हिवाळ्यात पुण्याला एक परिषद भरणार होती, तिथे कलकत्त्याचे एक वयस्कर शास्त्रज्ञ येणार होते. देशात अशा किड्यांची पारख असलेला दुसरा माणूस सरांना माहीत नव्हता. आणि परिषदेला कॉलेजतर्फे जाणार होतो मी.

सरांनी बिस्किटांचा एक चौकोनी डबा तयार केला. आत कापसात पाच बाटल्या, प्रत्येकीत स्पिरिटमध्ये एकेक नर. प्रत्येकीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. वर एक बंद पाकीट. ते पत्र त्यांनी इंग्रजीत तीनदा लिहून तीनदा फाडलं होतं, हे मला त्यांच्या बायकोने, काकूंनी, नंतर सांगितलं. स्टेशनवर खिडकीतून डबा देताना म्हणाले, “वरच्या फळीवर नको ठेवू, मांडीवर ठेव. अन् मधात बुचं पाहत जा, स्पिरिट उडते.”

मांडीवर ठेवूनच नेला मी तो. एवढं मात्र खरं आहे.

परिषदेत दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या शास्त्रज्ञांभोवती आमचा आठदहा जणांचा घोळका होता. डबा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होता. कुणी परदेशात शिकून आलेला, कुणी मोठ्या विद्यापीठातला, आणि प्रत्येक जण आपापल्या कामाचं बोलत होता. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, “नागपूरला काय चालतं?”

खरं उत्तर माझ्या पिशवीत होतं. पण ते काढलं असतं तर कुणी शोधलं हे सांगावं लागलं असतं. आमच्या डेमॉन्स्ट्रेटरने, भिंग आणि इंजेक्शनच्या बाटल्या घेऊन. मला ते जमेना. मला त्या घोळक्यात चमकायचं होतं. मी म्हणालो, “आमच्याकडे एक डेमॉन्स्ट्रेटर आहेत, ते पांढऱ्या अस्वलाची आणि पैसा किड्याची तुलना शिकवतात.” मग तो सायकलवरचा बर्फ, ते वितळलेलं अर्धं अस्वल, तो तक्ता, ‘पोलर बेअर’ हे नाव, सगळं मी रंगवून, त्यांच्या बोलण्याची नक्कल करून सांगितलं. लोक पोट धरून हसले. तसं यश मला आयुष्यात कुठल्या व्याख्यानात मिळालं नाही.

ते म्हातारे शास्त्रज्ञही हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, “तुलना मजेदार आहे, पण चुकीची नाही हं. कोणता किडा आहे तो? एखादा नमुना आणलाय का तुम्ही?”

सगळे माझ्याकडे पाहत होते. हसण्याने अजून त्यांचे चेहरे लाल होते. मी म्हणालो, “छे छे, नाही.”

हे वाक्य मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. लिहितानाही हात थांबतो. पिशवीचा पट्टा माझ्या खांद्यावर रुतत होता आणि मी नाही म्हणालो. परिषद आणखी एक दिवस होती. संध्याकाळी त्यांना एकटं गाठून डबा देता आला असता. पण सकाळी नाही म्हटलेला डबा संध्याकाळी कसा काढायचा? असा हिशेबी शहाणपणा करत मी तो नागपूरला परत आणला.

सर सायकल घेऊन स्टेशनवर आले होते.

“देल्ला का गा?”

“दिला सर.”

“मंग? काय म्हणाले?”

“पाहतो म्हणाले. कळवतो.”

सरांनी माझी बॅग माझ्या हातातून ओढून सायकलला अडकवली आणि मी नको नको म्हणत असताना रिक्षा स्टँडपर्यंत नेली. डबा त्या बॅगेतच होता.

पुढची चार वर्षं सर पत्राची वाट पाहत होते. कॉलेजच्या ऑफिसबाहेर टपालाची फळी होती. रोज अकरा वाजता ते तिच्यापाशी जात, एकेक पाकीट पाहून पुन्हा नीट लावून ठेवत. एकदा आठवण करून देऊ या, असं त्यांनीच काढलं आणि त्यांनीच मोडीत काढलं, “नको. मोठा माणूस आहे, देशभरातून डबे येत असतील. तगादा लावला असं नको वाटाले.” मी मान हलवली. दर महिन्याला वाटायचं, आता पोस्टाने पाठवून द्यावा. पण मग पत्रात काय लिहायचं? डबा माझ्या घरी कपाटावर, जुन्या सुटकेसमागे होता. बुचं मी एकदाही पाहिली नाहीत.

मग त्या टेकडीचा मुरूम रस्त्याला काढायचं ठरलं. सर अर्ज घेऊन तहसील कचेरीत गेले. तिथे काय झालं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. कारकून काही वाईट नव्हता म्हणे. त्याने कागद पुढे ओढला आणि विचारलं, “प्राण्याचं नाव सांगा.”

“मी म्हटलं, नाव अजून यायचं आहे साहेब. कलकत्त्याले गेलं आहे. तो म्हणे, आलं की घेऊन या.” हे सांगताना सर हसण्याचा प्रयत्न करत होते. “तू एक चिठ्ठी लिहून दे गा. नमुने तपासाले देल्ले आहेत, एवढंच. तुह्या सहीनं वजन पडते. तूच तं देल्ले न त्यांच्या हातात.”

मी म्हणालो, “सर, प्रिन्सिपॉलांना विचारावं लागेल. कॉलेजच्या कागदावर असं देता येत नाही.”

ते लगेच म्हणाले, “हो हो, बरोबर आहे. तुह्यावर कायले आणाचं.” मला अडचणीत टाकलं म्हणून तेच ओशाळले.

त्या संध्याकाळी मी कपाटावरून डबा काढला. पाचही बाटल्यांतलं स्पिरिट उडून गेलं होतं. पैसे सुकून, त्यांची कडी सुटून तळाशी पडली होती. पिवळ्या रेघा पांढुरक्या झाल्या होत्या. मी झाकण लावलं आणि डबा पुन्हा सुटकेसमागे ठेवला. फेकून देण्याचीही हिंमत झाली नाही.

टेकडी दोन उन्हाळ्यांत संपली. सर शेवटपर्यंत रविवारी जात होते. शेवटी परत आले ते एवढंच बोलले, “अस्वल दुसऱ्या बर्फावर पोहत जाते. याले बाजूची बांधी बी ओलांडता नाही आली.” त्या जुलैत पहिल्या प्रॅक्टिकलला त्यांनी फळ्यावर तक्ता काढला, पण शेवटची ओळ लिहिली नाही. मुलांना काहीच कळलं नाही. मला कळलं.

सर रिटायर झाले. मी विभागप्रमुख झालो. ते कलकत्त्याचे शास्त्रज्ञ गेल्याची बातमी आली तेव्हा सर मुद्दाम कॉलेजात येऊन मला भेटून गेले; जणू माझ्या घरचंच कुणी गेलं होतं. “बिचाऱ्यानं पाहिलं तरी असन,” म्हणाले.

त्यानंतर काही वर्षांनी सरांची तब्येत बरी नाही असं कळलं. तेव्हा एकदाचा मी डबा काढला, सायकल रिक्षात बसलो आणि नागपुरातल्याच इंदोऱ्याला त्यांच्या घरी गेलो. खरं सांगूनच टाकायचं, असं ठरवून गेलो होतो. वाटेत वाक्यंही जुळवली होती.

सर ओसरीवर खाटेवर बसले होते. आणखी वाळले होते. बुशशर्ट तोच, दोन खिशांचा. काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी डबा पिशवीतून काढून खाटेवर ठेवला. त्यांनी तो बघताक्षणी ओळखला, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की माझी सगळी वाक्यं तोंडातच राहिली.

“वापस आला? त्यांच्या घरच्यांनी पाठवला का?”

मी ‘हो’ म्हणालो.

ठरवून गेलो होतो, आणि हो म्हणालो. पुण्याला नाही म्हणायचं नव्हतं तिथे नाही म्हणालो, आणि इथे हे.

“अवं, आला वं डबा!” त्यांनी आत हाक मारली. मग झाकण काढलं. वरचं पाकीट उचलून बाजूला खाटेवर ठेवलं आणि एक बाटली हळूच तळव्यावर उलटी केली. सुटी झालेली कडी तळव्यावर पडली. त्यांनी खिशातून भिंग काढलं, काकूंकडून टाचणी मागून घेतली आणि एकेक कडं सरकवत डोक्यापासून ओळीत लावू लागले. एकही चूक होत नव्हती. एक, दोन, तीन. सातव्यापाशी थांबले, वाकून पाहिलं. “शाबूत आहे,” म्हणाले.

मग त्यांनी ते पाकीट हातात घेतलं. आतापर्यंत त्या पाकिटाचा मला विचारच आला नव्हता. सरांनी ते पालथं केलं. त्यांनी चिकटवलेला कागदाचा पट्टा जशाच्या तसा होता. कुणीही फोडलेलं नव्हतं. ते थोडा वेळ त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत बसले. मी खाली फरशीकडे पाहत होतो. काकूंनी चहा आणून ठेवला, कपात साखर किती विचारली, मी काय सांगितलं ते आठवत नाही.

सरांनी पाकीट दुमडलं आणि भिंगाच्या खिशात ठेवलं. काकू विचारत होत्या, “अजी, काय म्हणते चिठ्ठी?”

“त्यांनी पाहिलं,” सर म्हणाले. “चांगलं आहे म्हणे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी चहा प्यायलो, तोंड भाजलं तरी घाईघाईने. निघालो तेव्हा ते नेहमीसारखे दारापर्यंत आले, काकूंनी नको म्हटलं तरी. वाटेत कुणीतरी नळासाठी खोदून ठेवलेली नाली होती.

“खाली पाहून जा गा,” ते म्हणाले.

पाच महिन्यांनी सर गेले. पण माझ्यासाठी ते तिथेच आहेत, दाराची चौकट धरून उभे. बुशशर्टच्या पातळ खिशातून ते पाकीट दिसतं आहे, बंद, आणि मी अजून नालीच्या अलीकडेच उभा आहे. मागे फिरून त्यांना खरं सांगायला चार पावलंसुद्धा लागली नसती. मी नाली ओलांडली.